वाटी बसवणारे वस्ताद

आमचे वस्ताद माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पोटाकडे बघत. समोरून कुणी आला की यांची नजर आधी त्याच्या सदऱ्याच्या खालच्या गुंडीवर, आणि मग सवड मिळाली तर वर. "पोट काय म्हंतंय?" हा त्यांचा रामराम. कचेरीतला साहेब असो की मागावर बसणारा विणकर, सगळ्यांना तेच. एकदा वरातीत त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाला हा प्रश्न विचारला, आणि त्या बिचाऱ्यानं मुंडावळ्या बाजूला सारून "जरा जडच आहे हो" असं खरंखुरं उत्तर दिलं.

वस्ताद मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, लिंगायत. सोलापुरात आमच्या पेठेत त्यांचा तेलाचा घाणा होता आणि घाण्याच्या मागच्या अंगाला तालीम. सकाळी करडई गाळायची आणि संध्याकाळी पोरं, असा त्यांचा दिवस. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. कानडीत होयला 'हौद' म्हणतात, आणि तालमीत कुस्तीच्या मातीला हौदा. नवा पोरगा दमून विचारायचा, "वस्ताद, घरी जाऊ का?" वस्ताद म्हणायचे, "हौद!" की तो बिचारा घरी जायचा सोडून पुन्हा मातीत उतरायचा. वस्ताद खूश व्हायचे. "ह्यो पोरगा पुढं जातोय बगा," म्हणायचे.

मी त्याच पेठेतला. लहानपणापासून तालमीत जात होतो, आणि पुढे म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरीला लागलो तरी माती सोडली नाही. त्यामुळे वस्ताद मला 'मास्तर' म्हणायचे आणि त्याच दमात अरे-तुरेही करायचे. "मास्तर, का बे, कंबर का सोडलालास?" असं. शाळेत मुलं मला भ्यायची आणि संध्याकाळी मी वस्तादांना भ्यायचो, तेव्हा हिशेब बरोबर होता.

आता वाटी म्हणजे काय हे सांगायला हवं, नाहीतर हे वस्ताद कळायचे नाहीत. बेंबीच्या मागे म्हणे एक वाटी असते. ओझं उचललं, पाय घसरला, की ती जागची सरकते. मग पोट दुखतं, ढाळ लागते, अन्नावरची वासना उडते. आमची सगळी पेठ हे मानत होती, माझी आईसुद्धा. सरकलेली वाटी बसवावी वस्तादांनीच. माणसाला घोंगडीवर उताणा पाडायचे, बेंबीवर अंगठा ठेवून ठोका कुठं लागतो ते बघायचे, मग कोमट तेलानं पोट चोळायचे. वाटी हट्टी असली तर पोटावर पणती पेटवून ठेवायची आणि तिच्यावर तांब्या पालथा घालायचा. पणती विझली की तांब्या पोटाला असा गच्च धरायचा की बघणाऱ्यालाच कळ यावी. बायकांची वाटी वस्तादांच्या पत्नी बसवायच्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. आणि गुण यायचा हो! थट्टा करतोय असं समजू नका. माणसं वाकून यायची आणि सरळ होऊन जायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एका उन्हाळ्यात मी नाल उचलला. नाल म्हणजे मधे मूठ कोरलेला जड दगड. मला कुणी उचलायला सांगितलं नव्हतं. वस्ताद तर तेव्हा घाण्यावर होते. अंगात मस्ती होती, दुसरं काय! दगड खांद्यापर्यंत आला आणि बेंबीच्या वर काहीतरी चटकन उसवलं. घरी येऊन बघतो तर लिंबाएवढी गाठ. निजलं की आत जायची, उठलं की बाहेर यायची. मी ती धोतराच्या निऱ्यांखाली दाबून मुलांना भूगोल शिकवत राहिलो. मग एका दुपारी ती आत जाईना. पोटात कळा यायला लागल्या, आणि मी भिंत धरत धरत वस्तादांच्या घाण्यावर गेलो.

"वाटी हाय," वस्ताद म्हणाले. "लई वर चढलीया. भिऊ नको, मास्तर, आत्ता बसवतो बग." घोंगडी पडली, तेल आलं, अंगठा आला. ती गाठ आत ढकलण्यासाठी त्यांनी सगळं कसब पणाला लावलं. गाठ हटेना तशी पणती मागवली. तांब्या पोटावर बसला आणि मी जो ओरडलो तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. "बसूलालीय, बसूलालीय," वस्ताद आनंदानं म्हणत होते. तेवढ्यात मला हिरवी ओकारी झाली. आतून अव्वा आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नवऱ्यावर खेकसल्या, "तोंड बगा की त्याचं! नुसतं पोट काय बगूलालाव?"

वस्तादांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या हातातलं तेलाचं भांडं तिथंच लवंडलं. त्यांनी मला उचललं, रस्त्यावरचा टांगा अडवला, आतल्या माणसाला अक्षरशः खाली काढलं आणि मोठा दवाखाना गाठला. वाटेत ते कानडीत 'बाप रे' एवढंच घोकत होते, "यप्पा, यप्पा." टांगेवाला घाबरून घोड्याला मारत सुटला.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पोट फाडलं आणि शिवलं. पोटाच्या पडद्याला फट होती, तिच्यातून आतडं बाहेर येऊन अडकलं होतं. त्यांनी आईला सांगितलं की हा हर्निया, आपल्याकडे अंतर्गळ म्हणतात तो, आणि आणखी उशीर झाला असता तर मुलगा हातचा गेला असता. दाराशी वस्ताद उभे होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "साहेब, माज्या चोळन्यानं झालं का?" डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "फट आधीपासून होती. तुम्ही केली नाही. पण चोळायला नको होतं, आणि तांब्या तर मुळीच नको होता." पुढे कित्येक वर्षं आम्ही सगळ्यांनी वस्तादांना या उत्तराचा पहिला भाग ऐकवला. त्यांनी दुसरा तेवढा ठेवून घेतला.

मी दवाखान्यात पडून होतो तोवर ते रोज यायचे आणि खोलीत यायचे नाहीत. व्हरांड्यात खांबाशी उभे राहायचे. आई म्हणायची, "अहो, आत या की." तर म्हणायचे, "नको, हितं बरं हाय." तिथून ते माझं तोंड बघायचे. पोटाकडे चुकूनसुद्धा नजर जायची नाही. उजव्या हाताची मूठ मिटलेली असायची, अंगठा आत घालून. हर्निया हा शब्द त्यांच्या जिभेवर 'हरण्या' होऊन बसला होता. कुणी भेटलं की स्वतःहून सांगायचे, "पोराला हरण्या झालता. मी त्याला वाटी म्हनलो." न विचारता सांगायचे! पेठेत ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही वस्तादांनी स्वतःच्या तोंडानं माहीत करून दिलं. लोकांनी त्यांना बोल लावावा म्हणून ते तोंड पुढे करायचे, आणि लोक तर त्यांच्यावर जीव टाकणारे. कुणी बोलायचंच नाही. मग ते आणखीच खचायचे.

मी घरी आलो त्या दिवशी त्यांनी तालमीत सगळ्यांसमोर गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. "मास्तर परत मातीत उतरल्याबिगर मी हौद्यात पाय ठेवनार न्हाय." ऐकून मला हसावं की रडावं कळेना. कारण डॉक्टरांनी मला कुस्ती बंद केली होती, कायमची. ओझं उचलायचं नाही, खोकताना पोटाला हात धरायचा, आणि सध्या नुसतं चालायचं. हे वस्तादांनाही ठाऊक होतं. म्हणजे मी उतरेपर्यंत हे उतरणार नाहीत, आणि मला हे उतरू देणार नाहीत! असली शपथ घ्यायला माणूस वस्तादच असावा लागतो.

चालणं सुरू झालं. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जायचं आणि यायचं. पुढे मी काठी टेकत, आणि मागे वस्ताद, डोक्यावर लाकडी स्टूल घेऊन. मी दमलो तर बसायला हवं ना! लोक विचारायचे, "काय वस्ताद, स्टूल इकायला काडलंय का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "न्हाय, मास्तरचं हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा वर्गातली मुलं समोरून आली. त्यांच्या देखत वस्तादांनी भर रस्त्यात स्टूल मांडलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाले, "बस." आता न बसून सांगतो कुणाला? बसलो. मुलांनी नमस्कार केला.

माझं खाणंपिणंही त्यांच्या ताब्यात गेलं. शेंगाची चटणी बंद. सोलापूरच्या माणसाची शेंगाची चटणी बंद करणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसालाच विचारा. "खोकला येतो," म्हणायचे. मी शाळेत परत रुजू झालो त्या दिवशी हे माझ्या आधी तिथं हजर. हेडमास्तरांना सांगत होते की मास्तरला टेबल सरकवू देऊ नका, नकाशा टांगू देऊ नका, पोरावर ओरडूबी देऊ नका, वरडलं की पोटाला हिसका बसतो. हेडमास्तर म्हणाले, "मग शिकवायचं कसं?" वस्ताद म्हणाले, "हळू."

महिने गेले. टाके भरले. माझे दंड पोरीसारखे झाले होते आणि जिना चढताना धाप लागायची. मला माझ्या अंगाची लाज वाटायला लागली. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट चाचपलं, खोकायला लावलं, पाय उचलायला लावले, आणि म्हणाले, "कुस्ती नाही, दगड नाही. पण नमस्कार घालायला हरकत नाही. थोडे, हळूहळू. अंग वापरलं नाही तर पोटाचा पडदा ढिलाच राहील." मी तसाच धावत, म्हणजे भराभर चालत, घाण्यावर गेलो. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

"डाक्टर म्हंतोय ते खरं असंल," ते म्हणाले. "पन फाटलं तर पोट डाक्टरचं न्हाय, तुजं हाय."

"अहो, पण नमस्कार आहेत ते! मुंजीतली पोरं घालतात."

"मीबी म्हनलो हुतो, वाटी हाय."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुमचा अपराध तुम्ही फेडा हवा तसा, वस्ताद. त्याच्यापायी माझं अंग कशाला कुजवताय?"

घाण्याचा बैल फिरत होता तो तेवढा फिरत राहिला. वस्ताद उठले आणि बैलाच्या मागून फिरायला लागले, गरज नसताना. अव्वा दारातून म्हणाल्या, "बोललास ते बरं केलास मास्तर. पन जरा हळू बोलायचास." मी घरी आलो. त्या दिवशी जेवलो नाही.

इकडे तालमीची रया जात होती. वस्ताद काठावर उभे राहून डाव सांगायचे, पण डाव काय काठावरून शिकवता येतो? पकड कुठं चुकली ते दाखवायला खाली उतरावं लागतं, मानेवर हात टाकावा लागतो. चांगली चांगली पोरं दुसऱ्या तालमीत जायला लागली. उरलेल्यांना रसूल सांभाळायचा. तो वस्तादांचा जुना चेला, मिलमध्ये कामाला. नागपंचमी आली. त्या दिवशी माती खणून तिच्यात तेल, ताक, हळद कालवतात आणि वस्तादांनी पहिला हात लावल्याशिवाय कुणी उतरत नाही. आदल्या वर्षी वस्तादांनी शपथेपायी रसूलला हात लावायला सांगितलं होतं, आणि रसूल माती कपाळाला लावता लावता रडला होता. या वर्षीही तेच होणार होतं.

मी सदरा काढला. लंगोट आतून घालूनच आलो होतो. पोटावरचा तो लांब व्रण सगळ्यांना दिसला. कुणाला काही कळायच्या आत मी हौद्यात उतरलो आणि मधोमध जाऊन उभा राहिलो. गार, तेलकट माती पायांना लागली तसं माझं अंग शहारलं.

"वर ये बे!" वस्ताद ओरडले.

"नाही येत."

"मास्तर, तुज्या पाया पडतो, वर ये."

"खाली या आणि काढा."

ते काठावर इकडून तिकडे फिरायला लागले. रसूलनं मान खाली घातली होती, पण तो हसत होता हे मला दिसलं. मी पहिला नमस्कार घालायला वाकलो आणि हात मातीत टेकले. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. वस्ताद खाली आले होते. मातीला हात लावायचं विसरले, कपाळाला लावायची विसरले. माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी उजवा तळवा पसरून माझ्या पोटाखाली धरला. लागू दिला नाही. चार बोटं खाली, नुसता धरून ठेवला. पोट पडलंच तर झेलायला! मी नमस्कार घालत गेलो. मी खाली जाई तसा तो हात खाली जाई, मी वर येई तसा वर. मी थांबलो तेव्हा मला जेवढा घाम आला होता तेवढाच त्यांना आला होता.

"शपथ सुटली तुमची," मी म्हणालो.

"शपथ सुटली," ते म्हणाले. "बाकीचं तसंच हाय."

तालीम पुन्हा भरली. मी रोज संध्याकाळी कोपऱ्यात माझे नमस्कार घालायचो, वस्ताद हौद्यात पोरांच्या माना रगडायचे. पण वाटी बसवणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. एकदा एक बाई रडणारं पोर घेऊन आली. अव्वा गावाला गेल्या होत्या. बाईनं वस्तादांना हाका मारल्या, आणि हे गृहस्थ तेलाच्या डब्यांमागे लपून बसले. मी बाईला म्हणालो, दवाखान्यात न्या. तिनं दारात उभं राहून त्यांचा उद्धार केला. माज आलाय, गरिबाच्या लेकराला हात लावत नाही, वगैरे. ती गेल्यावर मी डब्यांमागे गेलो. "ऐकलंत?" तर म्हणाले, "शिव्या द्यू दे. शिव्यांनी कुनाचं आतडं अडकत न्हाय." मग विचारलं, "पोराचं तोंड कसं हुतं रे?" मी म्हणालो, बरं होतं, नुसतं रडत होतं. त्यांना मग जरा हायसं वाटलं.

पुढे मला बार्शीच्या शाळेत नोकरी मिळाली. निघताना वस्ताद स्टेशनवर आले. माझी ट्रंक मी उचलू नये म्हणून त्यांनी ती स्वतः डब्यात चढवली आणि डब्यातल्या अनोळखी लोकांना बजावलं, "उतरताना ह्याला उचलू द्यू नका. हरण्याचं पोट हाय." गाडी हलली तरी ते खिडकीतून लोकांना माझ्या पोटाविषयी सांगत होते. मी सुटीत सोलापूरला आलो की तालमीत जायचो. माझं लग्न झालं, मुलगी झाली. तब्येतही आता चांगली झाली होती. रोज चालायचो, नमस्कार घालायचो, मुलीला कडेवर घेऊन फिरायचो. हे शेवटचं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांच्या दुखण्याची खबर आली तेव्हा मी निघालो, पण कुर्डुवाडीला गाडी बदलून पोचेपर्यंत वस्ताद गेले होते. अंगणात विमान, म्हणजे खांद्यावरून न्यायची बसती पालखी, सजवलेलं होतं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. वस्ताद विमानात बसले होते, कपाळभर विभूती लावून, मान ताठ. तालमीतले सगळे जमले होते. मी पायांवर डोकं ठेवलं, उपरणं कंबरेला कसलं आणि पुढच्या दांड्याखाली खांदा द्यायला वाकलो.

रसूलनं माझा दंड धरला.

"नको, मास्तर," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "वस्ताद बोल के गये. सबकू बोले. मास्तरकू हात लगाने नइ देना."

मला राग आला. खरंच सांगतो, मेलेल्या माणसाचा राग आला. मी म्हणालो, "मी बरा आहे रे! वर्षांमागून वर्षं गेली. सोड मला." रसूल सोडेना. मी अव्वांकडे बघितलं. त्या विमानाच्या पायाशी बसल्या होत्या. म्हटलं, "अव्वा, तुम्ही तरी सांगा. एवढं एकदा."

अव्वा म्हणाल्या, "मला शपथ घातलीया मास्तर. जाताना त्यांना तेवडं एकच सुचलं. मी काय करू सांग."

विमान उठलं. पोरांनी आळीपाळीनं खांदे बदलले. शाळकरी मुलांनीसुद्धा दांड्याला हात लावून घेतला. वाटेत पाण्याचा तांब्या तरी घ्यावा म्हणून मी हात पुढे केला, तर तोही रसूलनं काढून घेतला. रस्त्याच्या कडेची माणसं बघत होती. वस्तादांच्या इतक्या पोरांत खांदा न देता चाललेला मी एकटाच. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. वस्ताद पुढे लोकांच्या खांद्यांवर बसून चालले होते, आणि मागे मी धडधाकट माणूस रिकामा चाललो होतो. रस्ताभर मला माझ्या हातांची लाज वाटत होती.